हे बंदर, ते बंदर

शाळेत असताना आपल्याला पडलेलं एक कोडं आठवतं का? कॉटन ग्रीनच्या बाजूला ‘हे बंदर’ आहे, मग ‘ते बंदर’ कुठे आहे? मधल्या सुट्टीत हा विनोद दर वर्षी नव्यानं व्हायचा आणि दर वर्षी तितकाच हशा पिकायचा. तसंच दारूखान्याचं. दारूखान्यात राहणाऱ्या मुलाला ‘तुझ्या घरी रोज फुकट काय रे?’ असं विचारलं नाही, असा एकही वर्ग आपल्या शाळेत झाला नसेल.

‘हे’ म्हणजे इंग्रजीतलं सुकं गवत, हे मला कळलं तेव्हा शाळा सोडून वीस वर्षं झाली होती. गलबतांतून येणारं गवत जिथं उतरायचं ते हे बंदर. दारूखान्यातली दारू म्हणजे तोफेची, बंदुकीची. लकडी बंदरावर लाकूड उतरे, कोळसा बंदरावर कोळसा, कौला बंदरावर कौलं. आपण रोज ज्या पाट्या वाचत शाळेत यायचो, त्या म्हणजे आपल्या भागाच्या इतिहासाच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच होती. पुस्तक मात्र आपल्याला कुणी दिलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात पानिपत होतं, फ्रेंच राज्यक्रांती होती, पण शिवडी नव्हती.

संपादक मंडळानं ‘शाळेच्या परिसराविषयी लिही’ असं सांगितलं, तेव्हा या न मिळालेल्या पुस्तकातली काही पानं जुळवून बघावीत असं वाटलं. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, संगणकात काम करणारी बाई आहे. चुकीचं वाटेल तिथे आपल्या बाईंनी आणि सरांनी नेहमीप्रमाणे लाल शाईनं खूण करावी.

कामगारांच्या आधीची शिवडी

आपल्याला वाटतं, शिवडी म्हणजे मुळापासून कामगारांचीच वस्ती. तसं नाही. इंग्रजांनी इथे १६८० साली टेकडीवर किल्ला बांधला, तेव्हा खाली कोळीवाडा, मिठागरं आणि चिखलाचा किनारा एवढंच होतं. किल्ला बांधण्याचं कारण जंजिऱ्याचा सिद्दी. आणि झालंही तसंच, १६८९ साली सिद्दीचं सैन्य मुंबईत उतरलं ते शिवडीलाच. आपण ज्या तटावर बसून बोरं खाल्ली, तो तट त्या भीतीतून उभा राहिला होता.

पुढे इथे ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. ती जागा १८६५ साली ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली. व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचा जॉर्ज विटेट हे दोघेही तिथेच आहेत. ज्या दोन इमारती दाखवल्याशिवाय मुंबईचं कुठलंही चित्र पुरं होत नाही, त्या उभारणारे दोघे शेवटी आपल्या शिवडीत येऊन विसावले. आणि आपण त्या भिंतीजवळून जाताना भुताच्या भीतीनं पळत सुटायचो!

शिवडी बदलली ती बंदरामुळे. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ची. प्रिन्सेस डॉक १८८० साली सुरू झाला, पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक आला आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. गोद्यांना गोदामं लागतात आणि गोदामांना जमीन. ती नव्हती, म्हणून समुद्रातून काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माझगाव ते शिवडी हा किनारा भराव घालून पुढे सरकवला गेला आणि पाचशेहून अधिक एकर नवी जमीन तयार झाली. तिच्या बाजूनं रेल्वे आली. १९१० साली कुर्ला ते रे रोड हार्बर मार्ग सुरू झाला आणि १९१५ साली पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालगाडीची लाइन. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली, ती याच मार्गानं. म्हणजे देशातली पहिली इलेक्ट्रिक लोकल शिवडी स्टेशनातून गेली. आपण त्याच स्टेशनवर वडाळा की बेलापूर, असं कपाळाला आठ्या घालून पाटीकडे बघत उभे राहायचो.

कॉटन ग्रीनचीही गंमत आहे. तिथे ‘ग्रीन’ काही नाही आणि आता ‘कॉटन’ही नाही. ग्रीन म्हणजे मैदान. कापसाचा बाजार पूर्वी फोर्टातल्या मैदानात भरे, मग तो कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात शिवडीच्या भरावावर मोठी कापूस गोदामं बांधून इकडे आणला गेला. बाजारानं जुन्या मैदानाचं नाव पाठीवर बांधून आणलं आणि स्टेशनाला देऊन टाकलं. विदर्भ-खानदेशातला कापूस इथे यायचा, परळ-लालबागच्या गिरण्यांत त्याचा कपडा व्हायचा, उरलेला जहाजात चढायचा. एका अंगाला गोदी, दुसऱ्या अंगाला गिरण्या, मध्ये शिवडी. माणसं इथे राहायला आली नसती तरच नवल.

पाळी, हूक आणि भोंगा

ती माणसं म्हणजे आपले आजोबा-पणजोबा. कोकणातून बोटीनं, घाटावरून गाडीनं आलेले. सुरुवातीला गावच्या मंडळाच्या गाळ्यात वीस-पंचवीस जण. दिवसपाळीचे उठले की त्याच पथारीवर रातपाळीचे आडवे व्हायचे. जेवण खानावळीत. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि आपली शिवडी अशा चार ठिकाणी मिळून दोनशेहून अधिक इमारती. आपल्याकडे त्यातल्या मोजक्याच आल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आपल्या वर्गातल्या किती जणांनी त्या खोल्यांत पाटावर वही ठेवून अभ्यास केला, हे आपल्या बाईंना नावानिशी आठवेल.

माझे आजोबा गोदीत होते. सुरुवातीच्या दिवसांविषयी ते एवढंच सांगायचे, ‘गेटवर उभं राहायचं. तोलीवाल्यानं बोट दाखवलं तर काम, नाहीतर परत.’ हे बोट दाखवणं संपलं ते कायद्यानं. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला, त्यातून डॉक लेबर बोर्ड आलं, नोंदणी झाली, काम नसलेल्या दिवशीही काही किमान मिळण्याची हमी आली. त्यामागे पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या युनियनची ताकद होती. त्यांचं नाव आज बंदराच्या रस्त्याला आहे, आणि टॅक्सीवाला ‘पी. डिमेलो रोड’ म्हणतो तेव्हा ते कोण, हे आपल्याला सांगता यायला हवं. बाजारातल्या ओझेवाल्यांना असं संरक्षण यायला १९६९चा माथाडी कायदा व्हावा लागला.

या सगळ्याला सोन्याचे दिवस म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरते. गोदीत पाठ मोडायची, हुकानं हात फाटायचे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरचा दारूगोळा फुटला. त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो या तारखेला. गिरणीत कापसाची पूड छातीत बसायची. शिवडीच्या टी.बी. हॉस्पिटलचं नाव मुंबईभर ज्या आवाजात घेतलं जायचं, तो आवाज आपण ऐकलेला आहे. ‘कुठे राहतेस?’ ‘शिवडी.’ ‘म्हणजे टी.बी. हॉस्पिटल?’ कॉलेजच्या पहिल्या दिवशी हा संवाद माझ्यासारखा अनेकांच्या वाट्याला आला असेल.

मग चांगलं काय होतं? मला वाटतं, एकच गोष्ट, पण मोठी. काम, घर, शाळा, दवाखाना आणि युनियनचं ऑफिस हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. भोंगा झाला की चाळीतल्या प्रत्येकाला वेळ कळायची. त्यामुळे माणसं एकमेकांना ओळखायची, एकमेकांची उधारी ओळखायची आणि संपात एकमेकांची चूल ओळखायची.

संप आणि खोका

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आपल्या तुकडीतले आपण तेव्हा दोन-तीन वर्षांचे. आपण पहिलीत आलो ते संपानंतरच्या शिवडीत. आपल्या घरातलं तणावाचं वातावरण हे आपल्याला हवामानासारखं वाटायचं, नेहमीचंच. माझे वडील साचाखात्यात होते. संपानंतर त्यांनी भाजीची गाडी लावली, मग एका गोदामावर वॉचमन झाले. पाचवीत ‘माझे वडील’ हा निबंध लिहिताना मी त्यांचा व्यवसाय ‘गिरणी कामगार’ असाच लिहिला होता. बाईंनी तो खोडला नाही, याबद्दल त्यांचे आभार मी आज मानते. संपाच्या काळात फी थकलेल्या मुलांची नावं आपल्या शाळेनं पटावरून काढली नाहीत, असं आपल्या पुढच्या तुकड्यांतली मंडळी सांगतात. शाळेच्या इतिहासात हे ठळक अक्षरांत यायला हवं.

गिरण्यांचं मरण सगळ्यांना दिसलं. गोदीचं मरण तितकं दिसलं नाही, कारण ते आवाज न करता आलं. ते एका लोखंडी खोक्यातून आलं. पूर्वी जहाजातला माल पोती, गाठी, पेट्या, पिंपं अशा शंभर आकारांत यायचा. प्रत्येक आकार हातानं उचलायला टोळी लागायची आणि जहाज बंदरात कित्येक दिवस पडून राहायचं. मग ठरीव मापाचा कंटेनर आला. आत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं उरलं नाही. खोका कारखान्यात भरायचा, जहाजावर चढवायचा, दुसऱ्या देशात कारखान्यातच उघडायचा. मधल्या टोळ्या, मधली गोदामं, मधला तोलीवाला, सगळं गळून पडलं. या खोक्यांना खोल पाणी, मोकळी जमीन आणि रुंद रस्ते लागतात. शिवडी-माझगावच्या दाटीत ते नव्हते. खाडीपलीकडे न्हावा-शेवाला होते. तिथलं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. आपलं ‘ते बंदर’ सापडलं ते असं.

माझ्या रोजच्या कामात एक साधन आहे, त्याचं नाव ‘डॉकर’. २०१३ साली ते आलं. संगणकाचा प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट एका ठरीव खोक्यात बंद करायचा, म्हणजे तो कुठल्याही यंत्रावर उतरवता येतो. त्या खोक्यालाही कंटेनरच म्हणतात. डॉकर म्हणजे इंग्रजीत गोदी कामगार. हे साधन मी पहिल्यांदा वापरलं त्या दिवशी घरी आल्यावर आजोबांच्या फोटोसमोर जरा वेळ उभी राहिले. ज्या कल्पनेनं त्यांच्यानंतरच्या गोदी कामगारांचं काम गेलं, तिच्यावर माझा पगार चालतो. आमच्या क्षेत्रातही आता रोज नवं यंत्र येतं आणि कुणाची टोळी गळणार याची चर्चा होते. ती ऐकताना मला गेटवर उभे असलेले आजोबा दिसतात. यंत्र अडवता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण १९४८च्या कायद्यासारखं काहीतरी मागता येतं, हेही त्यांना कळत होतं. आम्हाला ते कळतं का, याची मला खात्री नाही.

तीन मालक, तीन नशिबं

गिरण्या गेल्या, गोदी ओसरली. पण शिवडीचे सगळे तुकडे सारखे बदलले नाहीत. असं का, याचा विचार करताना मला एकच उत्तर मिळालं, ते म्हणजे जमीन कुणाची.

गिरण्यांची जमीन गिरणीवाल्यांची. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात बदल होऊन वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. वाटे एकदम बारीक झाले आणि टॉवर उंच. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. तोवर किती अर्जांवर वारसांच्या सह्या होत्या, हे आपल्यातल्या कित्येकांना घरच्या अनुभवानं माहीत आहे.

गोदामांची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतली. तिथे टॉवर आले नाहीत आणि नवं कामही आलं नाही. भाडेपट्टे, दावे, बंद शटर. आराखडे मात्र अनेक झाले.

आणि बीडीडी चाळी. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास २०१७ साली सुरू झाला. १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं. शिवडीच्या चाळी त्यात आल्या नाहीत, कारण त्यांच्याखालची जमीन पोर्ट ट्रस्टची. एकाच खात्यानं, एकाच काळात, एकाच मापानं बांधलेल्या चाळी. फरक फक्त सातबाऱ्याचा. आपल्यातले जे अजून तिथे राहतात, त्यांच्यासाठी हा लेखातला मुद्दा नाही, गळणारं छप्पर आहे.

पाहुणे आणि पूल

शिवडीला प्रतिष्ठा दिली ती पक्ष्यांनी. १९९०च्या दशकात, म्हणजे आपण शाळेत असतानाच, रोहित पक्षी हजारोंच्या संख्येनं शिवडीच्या चिखलात उतरू लागले. ज्या किनाऱ्याला आपण नाक दाबायचो, तिथे लोक दुर्बिणी घेऊन यायला लागले. त्या चिखलात शेवाळ भरपूर वाढतं आणि ते रोहितांचं अन्न. मुंबईचं सांडपाणी शेवाळाला पोसतं. म्हणजे घाणीतूनच हे गुलाबी सौंदर्य उभं राहिलं आहे. आता कुणी ‘कुठली?’ विचारलं आणि मी ‘शिवडी’ म्हटलं की उत्तर येतं, ‘अय्या, फ्लेमिंगो!’ टी.बी. हॉस्पिटलपासून फ्लेमिंगोपर्यंत, हा प्रवास मी एकाच आयुष्यात केला.

मग १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला. २१.८ किलोमीटर, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावरून. एक टोक शिवडीला, दुसरं चिर्ल्याला. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला परवानगी नाही, त्यामुळे शिवडीच्या चाळीतल्या पोराच्या बाइकला त्याच्या दारातून निघणाऱ्या पुलावर जाता येत नाही.

मी मात्र जाते. माझं घर आता उलव्याला आहे. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. आधी आम्ही घर शोधत होतो ते इकडेच. गिरणीच्या जागेवर झालेल्या एका टॉवरमधला फ्लॅट बघायला वडिलांना घेऊन गेले होते. तिसाव्या मजल्याच्या खिडकीतून त्यांनी बराच वेळ खाली बघितलं आणि बोटानं दाखवलं, ‘ते पोहायचं तळं आहे ना, तिथं आमचं साचाखातं.’ मग दलालाला विचारलं, ‘पाणी किती वाजता येतं?’ तो हसला. किंमत ऐकून आम्हीही हसलो आणि खाली आलो.

उलव्यात परवडलं. पण उलवेही कुणाची तरी भातशेती आणि मिठागरंच होती. त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. चिर्ल्याहून जासई जवळच आहे. ज्या दोन वर्षांत या किनाऱ्यावर गिरणी कामगारांच्या चुली विझत होत्या, त्याच काळात त्या किनाऱ्यावर शेतकऱ्यांची जमीन जात होती. हे बंदर आणि ते बंदर यांच्यामध्ये आज पूल आहे, तेव्हा तो नव्हता. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं दुःख कळलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न पुलावरून गाडी चालवताना मला पडतो. मुलगी मागच्या सीटवरून ‘फ्लेमिंगो दिसले!’ ओरडते आणि प्रश्न तिथेच राहतो.

तेव्हा शिवडी बदलली म्हणून रडायचा अधिकार निदान मला तरी नाही. शिवडी आधीही बदलतच आली. आणि शिकून बाहेर पडण्यासाठीच तर आपल्याला आपल्या शिक्षकांनी घडवलं. धूळ परत यावी, गाळ्यातली पथारी परत यावी, असं कुणालाच वाटत नाही. खंत एवढीच आहे की ज्यांच्या पाठीवर हे सगळं उभं राहिलं, त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. गवताचं आहे, लाकडाचं आहे, कौलांचं आहे, कापसाचं आहे. हमालाचं नाही, साचेवाल्याचं नाही.

म्हणून या स्नेहमेळाव्याच्या निमित्तानं एक विनंती. आपल्या सर्वांच्या घरात एखादं गिरणीचं ओळखपत्र, गोदीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, निदान एखादा आठवणी सांगणारा म्हातारा माणूस अजून असेल. कागदांचे फोटो काढा. माणसाजवळ फोन ठेवून त्याला बोलतं करा: कुठल्या खात्यात होता, कुठली पाळी, शेजारच्या साच्यावर कोण होतं. हे सगळं नीट साठवून ठेवायचं काम माझ्याकडे द्या, तेवढं मला येतं. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट मिळालं तर बाकीचं आपण करू.

माझ्या वडिलांचं बोलणं मी मागच्या दिवाळीत रेकॉर्ड केलं. चाळीस मिनिटं ते साच्याविषयी बोलले. संपाविषयी एक शब्दही नाही. शेवटी थांबले आणि म्हणाले, ‘भोंग्याचा आवाज मात्र तुला यात भरता येणार नाही.’

ते खरं आहे. पण तो कोणत्या वेळी व्हायचा, हे त्यांनी सांगितलं आहे. तेवढं लिहून घेतलं आहे.